तबकडीतला तुकाराम

(द्वितीय वर्ष, कला)

‘छंद’ म्हटला की आपल्याकडे तीन-चारच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरची चित्रे, फार तर शंखशिंपले. शाळेत ‘माझा आवडता छंद’ या निबंधात आम्ही सर्वांनी हेच आलटूनपालटून लिहिले. वर्गात एकाजवळही एक तिकीट नव्हते, ती गोष्ट वेगळी! परंतु जुन्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या, म्हणजे आपण ज्यांना सरसकट ‘सीडी’ म्हणतो त्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, कोणी जमवतो म्हटले की लोक हसतात. “आता सगळे मोबाइलवर दिसते की! हे भंगार कशाला सांभाळायचे?” हा प्रश्न ठरलेला. या प्रश्नाला एकदा नीट उत्तर द्यावे, आणि ते जरा रागानेच द्यावे, म्हणून हा लेख.

प्रथम भंगाराविषयी. आमचे गाव शिरूर तालुक्यात आणि आजोळ दौंडला. न्हावरे, चौफुला करीत महिन्यातून एकदा तरी एस.टी.ने माझी ही फेरी होते. पौषात ज्वारीची कणसे भरू लागली की रस्त्याच्या दुतर्फा रानात सुतळीला बांधलेल्या तबकड्या वाऱ्यावर गरगर फिरताना दिसतात. त्यांच्या लखलखाटाला पाखरे भितात म्हणे. एकदा थांब्याजवळ सुतळी तुटून पडलेली अशी एक तबकडी मी उचलून पाहिली. उन्हाने वरचे चित्र पार उडून गेले होते, फक्त ‘भाग २’ एवढी अक्षरे शिल्लक होती. भाग १ कोणाच्या रानात राखण करीत असेल कोण जाणे! शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला कणीस वाचवायचे असते, आणि तबकडीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

हे आजचेच आहे असे नाही. आपल्या देशात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले बहुतेक आज कुठेही नाहीत. जुन्या फिल्ममध्ये चांदी असे. चित्रपट जुना झाला की रिळे विकायची, ती धुऊन-वितळवून चांदी काढायची, असा रीतसर व्यवहार होता. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामबापूंनी शेतकऱ्याचे काम केले होते, तो असाच नाहीसा झाला. १९३१ चा ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट. त्याचीही प्रत उरलेली नाही. त्या वेळी चांदीसाठी, आता पाखरांसाठी, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे ना? आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. १९६४ साली ते स्थापन झाले आणि पी. के. नायर या माणसाने गावोगाव हिंडून, लोकांच्या विनवण्या करून तिथे रिळे गोळा केली. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पण पक्क्या कोठारालाही आग लागते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्याच जागेत, संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली आणि हजारो रिळे जळाली. त्यांत प्रभातचीही मूळ रिळे होती. त्यांच्या प्रती इतरत्र होत्या म्हणूनच ‘संत तुकाराम’ किंवा ‘माणूस’ आज आपल्याला पाहता येतात. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली; तो चित्रपटही उरलेल्या तुकड्यांवरून आणि इतर प्रतींवरून २०१५ साली पुन्हा उभा केला गेला. एक प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच. आणि दुसरे असे की शिरूरहून पुणे सत्तर किलोमीटर आहे. माझी आजी लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट पाहायला कधी जाणार?

आता आजीविषयी सांगितलेच पाहिजे. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजात जाणारी मी पहिली. घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. पोथी होती, तीही दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. पण दौंडला मामांच्या घरात एक पत्र्याची पेटी होती व आहे. मामा रेल्वेत खलाशी. दौंड हे जंक्शन, तेव्हा रेल्वेच्या चाळीत सगळ्या मुलखांची माणसे. शेजारच्या तमिळ कुटुंबाने एम.जी.आर.च्या चित्रपटांच्या तबकड्या देव्हाऱ्याशेजारी मांडून ठेवल्या होत्या. ते पाहून मामांना वाटले, आपल्या भाषेतले आपण का ठेवू नये? २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर बाजारच बदलला. रोजंदारीच्या माणसालाही चित्रपट विकत घेता येऊ लागला. मामांनी पगाराच्या दिवशी एक-दोन असे करीत ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘सांगत्ये ऐका’, ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘जैत रे जैत’, दादा कोंडक्यांचे जवळजवळ सगळे, असा संसार जमवला. (मामींचे मत या संसाराविषयी फारसे चांगले नाही.)

आजीला अक्षरओळख नाही. तरी दीडशे डब्यांतून ‘संत तुकाराम’ची डबी ती बरोबर काढते, कारण तिने त्या डबीला बुक्क्याचे बोट लावून ठेवले आहे. ग्रंथपालांनी क्षमा करावी, पण याहून चांगली वर्गीकरणाची पद्धत मला ठाऊक नाही! तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून दौंड तालुक्यातून जाते, तिला आजी दरवर्षी जाते. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी केलेला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट तिच्या लेखी त्या पालखीचाच भाग आहे. त्यात गौरीबाईंची आवली पायातली वहाण घेऊन विठोबावर धावून जाते, तेव्हा आजी दर वेळी म्हणते, “अगं बाई, असं करू नको.” आणि मग थोडे थांबून, “पण तिचं तरी काय चुकलं?” वर्गात आम्ही ‘व्यक्तिरेखेचे अंतर्द्वंद्व’ या विषयावर टिपणे काढतो. ती टिपणे या दोन वाक्यांच्या पुढे कुठे गेली आहेत?

‘कुंकू’ (१९३७) आई पाहायला बसली ती कामे आवरता आवरता. म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणारी शांता आपट्यांची नीरा पाहून ती दोन दिवस गप्प होती. का, ते तिने सांगितले नाही; मीही विचारले नाही. हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतला आहे. ती कादंबरी आईच्या हाती कधीच आली नसती. चित्रपट आला, कारण तो २८ रुपयांच्या तबकडीत होता. ज्या घरात वाचणारे कोणी नाही त्या घराचे ग्रंथालय ते हेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला मोबाइल. मोबाइलवर जुने चित्रपट दिसतात, नाही असे नाही. पण आज असलेला चित्रपट उद्या तिथे असेलच याची हमी कोण देतो? हक्क बदलले की तो गुपचूप उतरवला जातो. शिवाय जुन्या चित्रपटांची चौकट आजच्या पडद्याहून अरुंद. ती आजच्या पडद्यात बसवण्यासाठी कोणी वरून-खालून छाटतो, मग पात्रांच्या पगड्या उडतात. कोणी ताणून रुंद करतो, मग उपाशी तुकाराम चांगला गरगरीत दिसू लागतो! शोधायचे तर नाव टाइप करता आले पाहिजे. आजीच्या बुक्क्याच्या बोटाला तिथे जागा नाही.

याचा अर्थ तबकडी म्हणजे अमृत, असेही मी म्हणणार नाही. व्हीसीडीचे चित्र अगदी साधे. डीव्हीडीत त्याच्या चौपट ठिपके मावतात. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपास चित्रपट बसतो, म्हणून प्रत्येक चित्रपटाचे दोन-तीन भाग. ऐन प्रसंगात भाग संपणार आणि कोणीतरी उठून तबकडी बदलणार. पुष्कळ लोक तबकडीची खालची चकाकती बाजू जपतात आणि वरची बाजू जमिनीवर घासतात. व्हीसीडीच्या बाबतीत हे उलटे हवे, कारण माहितीचा थर वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो. तिथे ओरखडा गेला की चित्रपट गेला. पुसायचीही ती गोल गोल नव्हे, मधून कडेकडे सरळ पुसायची.

पण माझी खरी तक्रार ज्यांनी या तबकड्या काढल्या त्यांच्याविषयी आहे. मामांच्या पेटीतल्या कितीतरी डब्यांवर चित्रपटाचे सालसुद्धा नाही. पटकथा कोणाची, संगीत कोणाचे, छायाचित्रण कोणाचे, पत्ता नाही. चित्रपटभर कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह मात्र लुकलुकत असते. अमेरिकेत ‘क्रायटेरियन’ नावाची संस्था १९८४ पासून अभिजात चित्रपट लेखांसह, नीट साफसूफ करून काढते आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली लागला तो पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. अशा चित्रपटाबरोबर चार पानांची पुस्तिका देण्याइतकाही आदर आपल्याला असू नये?

आणि चित्रपटांचे निदान नाव तरी राहते. आमच्या भागातल्या जत्रांत पालांवर वगनाट्यांच्या, भारुडांच्या, लोकगीतांच्या व्हीसीडी विकायला असत. त्यांना ‘अभिजात’ कोण म्हणणार! पण शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर २०२१ साली वारले. त्यांनी तमाशा फडांसाठी आयुष्यभर वग आणि गीते लिहिली. अशा लेखणीचे फडावर काय होत असे हे पुस्तकातून कसे कळणार? सोंगाड्याची वेळ साधण्याची हातोटी, ढोलकीची आणि तुणतुण्याची जुगलबंदी, प्रेक्षकांतून उठणारी शिट्टी, हे पाहायचे असेल तर जत्रेतली ती ओबडधोबड तबकडीच शोधावी लागेल. प्रभातची काळजी वाहणारे पुण्यात आहेत. वगनाट्याच्या तबकडीची काळजी शिरूर-दौंडने वाहिली नाही तर दुसरे कोणीही वाहणार नाही. चौफुल्याच्या कलाकेंद्रांवरून जाताना माना फिरवणाऱ्या आपल्या सुशिक्षितांकडून तर मला मुळीच आशा नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांशेजारी एक कपाट तबकड्यांसाठी द्यावे. विद्यार्थ्यांनी घरोघरच्या तबकड्या आणाव्यात. ग्रंथालयाने पुस्तकांसारखीच त्यांची नोंदवही ठेवावी: नाव, साल, काढणारी कंपनी, किती भाग, चालते की अडखळते. पेनने नाव लिहिलेल्या नकली तबकड्या घेऊ नयेत. (मामांच्या पेटीत अशा काही आहेत, त्या पेटीतच राहतील.) कायद्याचा बाऊ कोणी करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. तेव्हा १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा किंवा १९५३ च्या ‘श्यामची आई’चा, ज्या अत्र्यांच्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले त्याचा, चित्रपट म्हणून असलेला हक्क केव्हाच संपला आहे. पुढच्या काळातल्या चित्रपटांच्या प्रती काढता येणार नाहीत हे खरे, पण असलेली तबकडी जपून ठेवायला कोणाची हरकत असणार?

त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात एक गंमत आहे. शिक्षणसंस्थेला आपल्या कार्यक्रमात चित्रपट दाखवता येतो. मात्र प्रेक्षक म्हणजे संस्थेचे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे, आणि विद्यार्थ्यांचे पालक एवढेच असावेत. विद्यार्थ्यांचे पालक! आमच्यापैकी अनेकांच्या आया आजवर कॉलेजच्या फाटकाच्या आत आलेल्या नाहीत. प्रवेशाच्या दिवशी आल्या त्या बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिल्या. आपल्याला तिथे काय कळणार, असे त्यांना वाटते. महिन्याच्या एखाद्या शनिवारी सभागृहात ‘कुंकू’ लावा आणि त्यांना बोलवा. मग कोणाला काय कळते ते पाहू.

मामांशी माझे बोलणे झाले आहे. पेटीतल्या दीडशेपैकी चांगल्या चालणाऱ्या शंभरेक तबकड्या ते कॉलेजला द्यायला तयार आहेत. ‘संत तुकाराम’ मात्र दुसरीकडून मिळवावा लागेल. आणि प्लेअरची सोय कॉलेजनेच करावी. घरचा प्लेअर आजी देणार नाही.