संविधान दिनी ग्रामसभा भरवा

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव,
शालेय शिक्षण विभाग आणि ग्रामविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य



येत्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, राज्यभरातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होईल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना हे वाचन मी वर्षानुवर्षे घेतले आहे. परिपाठाला मुले रांगेत उभी राहतात, एक जण पुढे म्हणतो, बाकीची मागून म्हणतात. ‘अधिनियमित’पाशी लहान वर्गांची जीभ अडखळते, ‘बंधुता’ आली की आवाज पुन्हा चढतो. मग बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, फळ्यावर रंगीत खडूने दिनविशेष, एक फोटो, आणि तो फोटो केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पहिला तास सुरू होतो आणि संविधान दिन संपतो.

वाचन बंद करा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये हा दिवस जाहीर केला, पण त्याच्या दहा वर्षे आधी नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत उद्देशिका वाचली जाऊ लागली होती. तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी इ. झेड. खोब्रागडे यांनी ते मनावर घेतले होते. महाराष्ट्राने हे सगळ्यांच्या आधी केले, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच पुढचे पाऊलही आपणच टाकावे, असे वाटते. त्या दिवशी लोकांना प्रश्न विचारू द्या आणि उत्तर देणाऱ्यांना समोर बसवा. प्रत्येक ग्रामपंचायतीत २६ नोव्हेंबरची ग्रामसभा बंधनकारक करा.

संविधान घडले तेच मुळी प्रश्नोत्तरांतून. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष संविधान सभेत मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी यांतला २,४७३ हा आकडा सांगितला, आणि ज्यांनी त्यांना पावलोपावली अडवले त्या कामत, सक्सेना, के. टी. शाह अशा सदस्यांचे नावे घेऊन आभारही मानले. आज मुले जी उद्देशिका म्हणतात, तिच्यावरही १७ ऑक्टोबर १९४९ रोजी वाद झाला. ह. वि. कामत यांना ती ईश्वराचे नाव घेऊन सुरू व्हायला हवी होती. ईश्वर असा मताला टाकू नका, म्हणून पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवले. तरी मतदान झालेच, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी कामत हरले. आठवीच्या वर्गात ही गोष्ट सांगून पाहा. हात वर होतात. तुम्ही असता तर कुठल्या बाजूने मत दिले असते, यावर मुले मधल्या सुट्टीतही भांडतात. एरवी मान खाली घालून बसणारी मुलगीही त्या दिवशी बोलते.

महाराष्ट्रात या तारखेला एक जखमही आहे. उद्देशिकेपाठोपाठ २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या शहिदांना श्रद्धांजली वाहिली जाते, तुकाराम ओंबळे यांचे नाव घेतले जाते. मग एखादा मुलगा हमखास विचारतो, ‘गुरुजी, कसाबला वकील का दिला?’ हा प्रश्न दाबू नये. ओंबळ्यांनी जीव देऊन ज्याला जिवंत पकडून दिले, त्याच्यावर रीतसर खटला चालला, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शिक्षेची अंमलबजावणी झाली ती त्यानंतर. कलम २१ आणि २२ समजावून सांगायला याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही. पण त्याला निदान दोन तास लागतात. शालेय शिक्षण विभागाने ते दोन तास वेळापत्रकात लेखी द्यावेत. तेवढे झाले तर भाषणस्पर्धा आणि रांगोळी नसली तरी चालेल.

आता ग्रामसभेकडे येतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या आपल्या ठरलेल्या तारखा. ऑक्टोबरनंतर गाव थेट जानेवारीत भेटते, त्यामुळे मधल्या काळात २६ नोव्हेंबर अगदी नेमकी बसते. पण ग्रामसभा कशी होते, तेही आपण जाणता. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जो आकडा कमी असेल तो लागतो. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-पंचवीस माणसांत ठराव होतात आणि प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी घरोघर फिरते. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात जागा दिली, ती यासाठी नव्हे. निदान या एका दिवशी तहकुबीची पळवाट चालणार नाही, गणपूर्ती होईपर्यंत गटविकास अधिकाऱ्याने पाठपुरावा करायचा, असा आदेश काढा.

बाबासाहेबांचा खेड्यावर विश्वास नव्हता, हे मला विसरायचे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले होते. ग्रामपंचायतींचे कलम ४० त्यानंतर के. संथानम यांच्या दुरुस्तीने आले, आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. त्यांची भीती खोटी नव्हती. आजही ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवर कोण बसते आणि दाराशी उभे कोण राहते, ते पाहावे. वस्तीवरच्या बाईने पाण्याच्या नळाचे विचारले, तर ‘नंतर बघू’ म्हणून विषय पुढे सरकतो. म्हणून या सभेची जागा शाळा असावी, कुणाला पाऊल टाकायला संकोच वाटावा अशी नको. आदल्या दिवशी महिला सभा व्हावी आणि तिचे ठराव दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी घ्यावेत. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के आणि महिला-बालकल्याणाचा १० टक्के निधी कुठे गेला, तो हिशेब ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मोठ्याने वाचावा. घरकुलाची यादी भिंतीवर लावावी. गावाचे प्रश्न ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी ढकलू नयेत.

आठवी ते दहावीच्या मुलांना तिथे मागे बसवा. त्यांना मत नाही, पण ऐकायला मनाई नाही. सकाळी म्हटलेला ‘न्याय’ दुपारी कोण मागतो आणि त्याला काय उत्तर मिळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

दोन्ही विभागांनी मिळून एकच परिपत्रक काढावे, एवढी विनंती. आणि ते ऑक्टोबरअखेर गावात पोहोचावे, कारण ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी लागते, दवंडी द्यावी लागते आणि वस्त्यावस्त्यांत जाऊन बायकांना सांगायलाही वेळ लागतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक