पार्टीनंतरची सकाळ

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षअखेरची पार्टी, टार्गेट पूर्ण झाल्याची पार्टी, कुणाच्या बढतीची, कुणाच्या निरोपाची. हिंजवडी, खराडी, पवई, ऐरोलीच्या त्या कचेऱ्यांत आज आपल्या घरांतली मुले-मुलीही आहेत. कुणी रत्नागिरीहून गेलेले, कुणी सोलापूरहून, कुणी बीडहून. अनेक घरांत अशी नोकरी करणारी ही पहिलीच पिढी. त्या नोकरीसाठी अम्मींनी रोजे ठेवले, अब्बांनी कर्ज काढले. पगार कळला, पद कळले, ऑफिस कितव्या मजल्यावर आहे तेही कळले. पार्टीच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात बार असतो, हे मात्र घरात कधी बोलले गेले नाही.

दारू हराम आहे हे आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. जुम्याच्या बयानात ते ऐकले जाते, मदरशात शिकवले जाते. म्हणून आपले मूल ती पिणारच नाही असे आपण धरून चालतो. आणि एखाद्या रात्री एखादे मूल प्यायलेच, तर पुढच्या सकाळी काय करायचे हे त्यालाही माहीत नसते आणि आपल्यालाही. या महिन्यात त्या सकाळीविषयी लिहावे असे आम्ही ठरवले आहे.

समजा, चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे. आजवर कोल्ड्रिंकपलीकडे गेला नाही. वरिष्ठाने खांद्यावर हात टाकून "एकच घे रे, काही होत नाही" म्हटले आणि नकार तोंडातच राहिला. एकाचे चार झाले. मग तो मोठमोठ्याने बोलला, कुणाशी तरी वाद घातला, जिन्यात उलटी केली. सहकाऱ्यांनी टॅक्सीत घालून खोलीवर पोचवले. सकाळी दहाला डोळे उघडले तेव्हा फजर गेली होती, ग्रुपवर फोटो आले होते आणि अम्मींचे दोन मिस्ड कॉल होते.

या मुलापुढे तीन वाटा आहेत. पहिली, सगळे हसण्यावारी नेणे. "काल जाम मजा आली" म्हणायचे आणि पुढच्या पार्टीची वाट पाहायची. दुसरी, खचून जाणे. मी नापाक झालो, आता कोणत्या तोंडाने मुसल्यावर उभा राहू, असे म्हणत नमाजच सोडून द्यायची. तिसरी वाट तौबेची. तो कोणती वाट धरेल हे त्याच्यावर अवलंबून आहेच, पण बऱ्याच अंशी आपल्यावरही आहे.

आधी शरीराचे पाहू. साधारण ३० मिलीचा एक पेग शरीरातून निघून जायला तासभर किंवा थोडा अधिक वेळ लागतो. हे काम यकृत आपल्या गतीने करते. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ते लवकर होत नाही. म्हणूनच मध्यरात्रीपर्यंत पिणाऱ्याच्या रक्तात फजरच्या वेळीही दारू असू शकते. दारू भराभर चढली तर मेंदू त्या वेळच्या गोष्टी साठवूनच ठेवत नाही. मग "मी काय बोललो असेन?" ही धास्ती दिवसभर पोखरत राहते. नशा उतरताना छातीत धडधडते, हात कापतात, मन विनाकारण उदास होते. त्या सकाळच्या घबराटीचा काही भाग असा निव्वळ शरीराचा असतो. त्या अवस्थेत आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. राजीनामा लिहू नये, गाडी चालवू नये. पाणी प्यावे, हलके खावे, झोपावे.

उरलेला भाग मात्र ईमानाचा आहे, आणि तो मोलाचा आहे. ज्याला लाज वाटते त्याच्या आत काहीतरी जिवंत आहे. हया ही ईमानाची एक शाखा आहे असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, आणि पश्चात्ताप हीच तौबा असल्याचेही हदीसमध्ये आले आहे. प्रश्न इतकाच की ही लाज कुणाची आहे? फोटो कुणी पाहिले, गावात कुणाला कळेल, लग्नाच्या बोलण्यात अडचण येईल का, ही बदनामीची भीती झाली. ती माणसाला लपायला आणि खोटे बोलायला शिकवते. रबसमोर वाटणारी लाज माणसाला परत आणते. दोन्ही एकाच सकाळी एकाच छातीत असतात. घरच्यांनी पहिलीला फुंकर घातली, तर दुसरी विझून जाते.

आता एक गैरसमज. दारू प्यायलेल्याची नमाज ४० दिवस कबूल होत नाही, एवढे अर्धेच वाक्य अनेक मुलांच्या कानावर पडलेले असते. त्यावरून काही जण ठरवतात की मग पढून काय उपयोग. हदीस आहे, पण तिचा पुढचा भागही आहे. त्याने तौबा केली तर अल्लाह त्याची तौबा कबूल करतो, असे त्यातच सांगितले आहे. विद्वानांनी स्पष्ट केले आहे की येथे नुकसान सवाबाचे आहे. नमाजचे फर्ज माफ होत नाही आणि पढली तर ते अदाही होते. दिव्य कुरआनने नशेत नमाजजवळ जाऊ नका असे सांगितले (सूरह निसा, ४:४३), ते आपण काय बोलतो आहोत हे कळेपर्यंतच. शुद्ध आली, बोललेले कळू लागले, की वुजू करावा आणि सुटलेली नमाज कजा करावी. एका हरामनंतर नमाज सोडणे म्हणजे एका नुकसानीवर दुसरे नुकसान.

तौबेच्या अटी आपल्याला मकतबपासून पाठ आहेत: गुनाह थांबवणे, मनापासून पस्तावणे, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा करणे. बंद्याचा हक्क बुडाला असेल तर तो परत करणे ही चौथी अट. यांत कुठेही सर्वांसमोर जाहीर करणे नाही. उलट रात्री अल्लाहने ज्याचा गुनाह झाकला आणि सकाळी जो स्वतःच लोकांना "काल मी असे केले" म्हणून सांगत फिरतो, त्याच्याविषयी हदीसमध्ये कडक इशारा आहे. म्हणून मित्रांत तो किस्सा रंगवू नये. फोटो ज्याने टाकले त्याला काढायला सांगावेत, स्वतः पुढे पाठवू नयेत.

चौथी अट सोमवारी ऑफिसात लागू होते. कुणाला अपशब्द बोलला असाल तर त्या एका माणसाजवळ जावे आणि दोन वाक्यांत माफी मागावी. "शुक्रवारी मी तुमच्याशी वाईट बोललो, माझे चुकले." एवढे पुरे. दारूवर खापर फोडू नये. ज्यांनी टॅक्सी केली, सांभाळून घरी आणले, त्यांचे आभार मानावेत आणि टॅक्सीचे पैसे द्यावेत. एखाद्या महिला सहकाऱ्याशी गैर वागणे झाले असेल, तर गोष्ट अधिक गंभीर आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त गेलेल्या जागेलाही लागू होतो. तिने तक्रार केली तर ती मागे घेण्यासाठी तिच्यावर दबाव आणू नये, घरच्यांनीही मध्ये पडू नये. पडदा आपल्या गुनाहावर असतो, दुसऱ्याच्या हक्कावर नसतो.

आता आम्ही अम्मी-अब्बांशी बोलतो. सहीह बुखारीत एका सहाबींचा प्रसंग आहे. त्यांचे नाव अब्दुल्लाह. ते पैगंबर (स.) यांना हसवत असत. दारू प्यायल्याबद्दल त्यांना शिक्षाही झाली होती. पुन्हा एकदा त्याच कारणासाठी त्यांना आणले गेले आणि शिक्षा दिली गेली. तेव्हा लोकांतून कुणीतरी त्यांच्यावर लानत पाठवली: किती वेळा याला आणावे लागते! पैगंबर (स.) यांनी त्याला थांबवले. याला लानत करू नका, हा अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. दुसऱ्या एका रिवायतीत, आपल्या भावाविरुद्ध शैतानाचे मदतगार होऊ नका, असे सांगितल्याचे आहे.

यात शिक्षा टळली नाही, हे लक्षात घ्यावे. दारूला कुणी किरकोळ म्हटले नाही. सूरह माइदाने (५:९०) तिला शैतानी काम म्हटले ते तसेच राहिले. थांबवली गेली ती लानत. गुनाहाला गुनाह म्हणावे, पण गुनाह करणाऱ्याला अल्लाहच्या प्रेमातून बाहेर काढू नये, एवढा फरक त्या एका प्रसंगाने आपल्याला शिकवला. आपल्या घरांत मात्र उलटे घडते. मुलाचे नाव ऐकताच पहिले वाक्य येते, "तू आमच्यासाठी मेलास." दुसरे, "आता चार लोकांत तोंड कसे दाखवू?" यात अल्लाह कुठे आहे?

शाळेत आम्ही रोज पाहतो. ज्या मुलाला खरे सांगितल्यावर सर्वांत जास्त मार बसतो, ते मूल सुधारत नाही. ते पुढच्या वेळी अधिक सफाईने खोटे बोलते. चोवीस वर्षांच्या मुलाचेही तेच. त्याने स्वतः फोन करून सांगितले तर आधी ऐकून घ्यावे. "बरे झाले सांगितलेस. आता तौबा कर, आम्ही दुआ करतो." रागावणे असेल तर दुसऱ्या दिवशी रागवावे. त्याने सांगितले नाही तर खोदून काढू नये. फोन तपासणे, मित्रांना विचारत फिरणे, हे तजस्सुस झाले, आणि सूरह हुजुरातने (४९:१२) त्याला मनाई केली आहे. खाला, फूफी, शेजारीण यांच्यापर्यंत गोष्ट जाता कामा नये. जो एखाद्या मुसलमानाचा ऐब झाकतो, अल्लाह कियामतच्या दिवशी त्याचा ऐब झाकेल, या हदीसवर आमल करायला आपल्या मुलापेक्षा जवळचा मुसलमान कोण?

आणि मुलगी असेल तर? हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. मुलाने केले तर "वयाची चूक" आणि मुलीने केले तर नोकरी बंद, फोन जप्त, महिन्याभरात निकाह. अल्लाहने निराश होऊ नका असे ज्या बंद्यांना सांगितले (सूरह जुमर, ३९:५३) त्यांत मुलीही आहेत. हराम दोघांना सारखे आहे, म्हणून तौबेचा दरवाजाही दोघांना सारखाच उघडा आहे. आपण तिच्यासाठी तो अर्धा लावून घेऊ शकत नाही.

राहिली पुढची पार्टी. ज्या दस्तरख्वानावर दारू फिरते तिथे बसायला हदीसने मनाई केली आहे. टाळता येत असेल तर टाळावे. हजेरी लावणे भागच पडले तर सुरुवातीलाच जावे, भेटावे आणि बार सुरू होण्याआधी निघावे. नकार घरातूनच ठरवून न्यावा, तिथे शोधू नये. "मी घेत नाही" हे तीन शब्द पुरतात. औषध चालू आहे, पोट बिघडले आहे, अशा सबबी पुढच्या पार्टीत संपतात. पहिल्याच वेळी स्वच्छ सांगितलेल्याला सहसा दुसऱ्यांदा आग्रह होत नाही. ज्याने घेतली आहे त्याच्या गाडीत बसू नये. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक दारू आढळली तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. जीव गेला तर त्याची भरपाई कोणत्याच कायद्यात नाही.

एका रात्रीची गोष्ट वेगळी आणि सवय वेगळी. दर आठवड्याला तेच होत असेल, थांबायचे ठरवूनही थांबता येत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला इलाज आहे. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करते. दुआ करावी आणि डॉक्टरकडेही न्यावे. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

एक काम या महिन्यात प्रत्येक घराने करावे. मुले सुटीत घरी येतील तेव्हा जेवताना सहज विचारावे, "तुमच्या ऑफिसात पार्ट्या असतात का? तिथे नाही म्हणणे अवघड जाते का?" आणि पुढे हेही सांगावे, "कधी पाऊल घसरले तर आधी अल्लाहला सांग, आणि मग वाटले तर आम्हाला. घराचे दार उघडे असेल." मुलाला हराम काय ते माहीत आहे. परत येता येते, हे त्याला आपल्या तोंडून ऐकायचे आहे.

अल्लाह आपल्या मुलांचे रक्षण करो, आणि त्यांना झाकण्याइतके मोठे मन आपल्याला देवो. आमीन.