स्वमग्न मुलांसाठी वर्तनोपचार: फलक अनेक, पारख मात्र पालकांवरच

जयपूर शहरातील मानसरोवर ही राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली वसाहत आशियातील सर्वांत मोठ्या निवासी वसाहतींपैकी एक म्हणून ओळखली जाते. जून २०१५ मध्ये येथून चांदपोलपर्यंत मेट्रो धावू लागली. नोकरी, बदली वा शिक्षणाच्या निमित्ताने अन्य राज्यांतून आलेली अनेक कुटुंबे अशा वसाहतींत स्थिरावतात. त्यांपैकी एखाद्या दांपत्याचे अडीच वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, शिकलेले चार शब्दही विसरू लागते. डॉक्टर स्वमग्नतेचे निदान करतात आणि ‘वर्तनोपचार लवकर सुरू करा’ असा सल्ला देतात. ते कोणाकडे सुरू करावेत, या प्रश्नाचे उत्तर मात्र सहजासहजी मिळत नाही.

हा प्रश्न एकट्या जयपूरचा नाही. नागपूर, नाशिक वा सोलापूर येथील पालकांनाही तो तितकाच भेडसावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. भारतात उत्तर गोव्यासह पाच भागांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २ ते ९ वर्षे वयोगटातील जवळजवळ दर आठ मुलांमागे एकात मेंदूच्या विकासाशी संबंधित किमान एक अडचण आढळली होती. स्वमग्नता ही त्यांपैकी एक होय.

कायद्याच्या दृष्टीने गेल्या पाव शतकात बरीच वाटचाल झाली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांत प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे स्पष्ट केले. मूल स्वमग्न आहे हे मान्य करणारी व्यवस्था अशा रीतीने उभी राहिली. त्या मुलाला कोणी शिकवावे आणि शिकवणाऱ्याची पात्रता कोणी तपासावी, ही बाजू मात्र अद्याप कच्ची आहे.

वर्तनोपचार म्हणजे काय, हे समजून घेतल्यास या उणिवेचे गांभीर्य लक्षात येते. या पद्धतीत प्रत्येक कौशल्याचे लहान लहान टप्पे पाडले जातात. एखाद्या वर्तनाच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले, याची नोंद ठेवली जाते. अपेक्षित कृती झाली की मुलाला आवडीची गोष्ट देऊन प्रोत्साहन दिले जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास असे शिक्षण देण्यात आले. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत पुढे जाऊ शकली, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अभ्यास जगभर गाजला. तथापि, त्या काळी शिक्षेचाही वापर होत असे आणि त्यावर पुढे तीव्र टीका झाली. मुलाला ‘इतरांसारखे दिसायला’ भाग पाडण्याला अनेक स्वमग्न प्रौढांचाही आक्षेप आहे. या पद्धतीवरील संशोधनाचा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये घेतलेला आढावा काही लाभांची नोंद करतो. पण उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही सांगतो. थोडक्यात, वर्तनोपचार उपयुक्त ठरू शकतात. मात्र ते करणाऱ्या व्यक्तीच्या प्रशिक्षणावर आणि दृष्टिकोनावर बरेच काही अवलंबून असते.

नेमकी येथेच पालकांची पंचाईत होते. विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘वर्तनोपचारतज्ज्ञ’ असा फलक लावणाऱ्या व्यक्तीचे नाव मात्र अशा एखाद्या नोंदवहीत सापडेलच, असे नाही. या क्षेत्रातील नामांकित प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळानेही २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतील नव्या अर्जदारांसाठी आपले दार बंद केले. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत ‘वर्तन विश्लेषक’ या व्यवसायाचा उल्लेख आहे, ही आशादायक बाब होय. परंतु कायद्यात नाव येणे आणि पालकांना पडताळून पाहता येईल अशी यादी हाती येणे, यांतील अंतर मोठे आहे. तोवर ही पारख ज्याला या विषयाची ओळखच नाही, अशा घाबरलेल्या पालकालाच करावी लागते.

या घाबरलेपणाचा लाभ उठवणारेही असतात. स्वमग्नता ‘पूर्ण बरी’ करण्याचे आश्वासन हे त्याचे ठळक उदाहरण. स्वमग्नतेवर मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती आणि वैद्यकीय नोंदणी मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले होते. त्यामुळे बरे करण्याची हमी देणाऱ्या ठिकाणाकडे पाठ फिरवणे, हीच पालकांची पहिली सावधगिरी ठरते.

मग पर्याय कोणता? त्याचे एक उत्तर गोव्यातून मिळते. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६५ मुलांचा समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु खास प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाचे इशारे ओळखून त्याला प्रतिसाद कसा द्यावा, हे शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद साधण्याचा प्रयत्न अधिक करू लागली. हा वर्तनोपचार नव्हे आणि त्याने सर्वच प्रश्न सुटतात, असेही नाही. पण मूल केंद्रात आठवड्याचे मोजके तास असते आणि उरलेला सर्व वेळ घरात. त्या वेळेचा उपयोग पालकांना शिकवूनच होऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

परप्रांतातील मराठी कुटुंबांपुढे भाषेचाही प्रश्न असतो. उपचार हिंदीत आणि घरी मराठी, यामुळे मूल गोंधळेल, या भीतीने अनेक पालक घरातील मराठी बंद करतात. दुभाषिक वातावरणामुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला अपाय होतो, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. आजीची हाक आणि आईची अंगाई ज्या भाषेत आहे, ती मुलापासून काढून घेण्याचे कारण नाही. मराठीतील ‘स्वमग्नता’ हिंदी कागदपत्रांत ‘स्वलीनता’ वा ‘स्वपरायणता’ म्हणून भेटते, एवढे मात्र अर्ज भरताना ध्यानात ठेवावे.

जयपूरमध्ये ‘दिशा’, ‘उमंग’ यांसारख्या संस्था दिव्यांग मुलांसाठी कार्यरत आहेत. सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न जे. के. लोन हे मुलांचे मोठे सरकारी रुग्णालयही तेथे आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच घेता येते आणि त्यात उपचारसत्रांच्या खर्चाचाही समावेश आहे. केंद्र निवडताना पालकांनी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. शिकवणाऱ्याचे प्रशिक्षण कोठे झाले आणि नोंदणी कोणाकडे आहे? मुलासाठीची उद्दिष्टे लेखी मिळतील का? प्रगतीची नोंद दरमहा दाखवली जाईल का? पालकांना सत्रात बसू दिले जाते का? मूल रडू लागले, आक्रस्ताळेपणा करू लागले, तर काय केले जाते? दार बंद ठेवणाऱ्या आणि ओरडून वा मारून शिकवणाऱ्या केंद्रात मूल ठेवू नये.

हा भार एकट्या पालकांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला होता. विकासातील विलंब लवकर ओळखणे हे त्याचे एक उद्दिष्ट असून, त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. या केंद्रांत पालक प्रशिक्षणाचे नियमित वर्ग सुरू झाले आणि वर्तनोपचार करणाऱ्यांची खुली नोंदवही तयार झाली, तर निदानानंतरची भटकंती पुष्कळ कमी होईल. मुलाच्या विकासात दोन ते पाच हे वय मोलाचे असते. योग्य दार शोधण्यात त्यातील एक वर्ष गेले, तर ते परत मिळत नाही.