कायद्याची यादी कानांनाही कळावी

काही महिन्यांपूर्वी मानेसरच्या एका प्रशिक्षण संस्थेत व्याख्यानासाठी जाण्याचा योग आला. वर्गातील एक अधिकारी पूर्णतः दृष्टिहीन होते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ते एका कल्याणकारी योजनेचे पीडीएफ परिपत्रक आमच्याबरोबर अभ्यासत होते. पात्रतेच्या अटींवर चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांनी मला थांबवले. ‘‘सर, ‘खालीलपैकी कोणतीही एक अट’ हे वाक्य मी ऐकले. पण ‘खालील’ म्हणजे किती आणि त्या कोठे संपतात? मला नुसते एकामागून एक परिच्छेद ऐकू येत आहेत.’’ माझ्या पडद्यावर तीन मुख्य अटी, दुसरीच्या पोटात चार उपअटी आणि त्यानंतर कागदपत्रांची स्वतंत्र यादी स्वच्छ दिसत होती. दस्तऐवज एकच होता. परंतु डोळ्यांना मिळालेला नियम आणि कानांना मिळालेला नियम एक नव्हता.

हा फरक कशाने पडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. पीडीएफमध्ये दिसणाऱ्या पानामागे एक अदृश्य रचना असू शकते. शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, तक्ता कोणता, हे सांगणाऱ्या खुणांना ‘टॅग’ म्हणतात. यादीसाठी अशा चार खुणा ठरलेल्या आहेत: संपूर्ण यादीची, तिच्यातील प्रत्येक घटकाची, घटकाच्या क्रमाक्षराची आणि घटकाच्या मजकुराची. त्या योग्य असतील तर स्क्रीन रीडर आरंभीच ‘तीन घटकांची यादी’ असे सांगतो, उपयादी सुरू झाल्याची आणि संपल्याची सूचना देतो. श्रोता नको असलेली यादी ओलांडून पुढेही जाऊ शकतो. त्या चुकल्या तर हे सारे नाहीसे होते.

चुका नेहमीच्याच आहेत. कुठे प्रत्येक अट साधा परिच्छेद म्हणून नोंदलेली असते. कुठे प्रत्येक घटक स्वतंत्र यादी ठरतो आणि वाचकाला सात वेळा ‘एका घटकाची यादी’ ऐकावी लागते. कुठे लांब अटीची दुसरी ओळच नवा घटक बनते. पान उलटले की यादी तुटते आणि मध्येच पृष्ठक्रमांक वाचला जातो. सर्वांत घातक चूक म्हणजे उपयादी मूळ घटकाच्या पोटात न राहता त्याच्या बरोबरीला येऊन बसते. मग उपअट हीच मुख्य अट होते. देवनागरीत आणखी एक धोका आहे. ‘(अ) पात्र कुटुंबे’ या ओळीतील क्रमाक्षर मजकुरापासून वेगळे नोंदले नाही, तर कंस न उच्चारणाऱ्या आवाजात ती ओळ ‘अपात्र कुटुंबे’ अशी ऐकू येऊ शकते.

हा केवळ मांडणीचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी. तीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. ‘नोंद क्रमांक ९’ तिन्हींत आहे. संघसूचीत ती संरक्षण, परराष्ट्र व्यवहार किंवा देशाच्या सुरक्षिततेसाठीच्या प्रतिबंधक स्थानबद्धतेची आहे. समवर्ती सूचीत दिवाळखोरीची आहे. आणि राज्यसूचीत ती विकलांग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींना द्यावयाच्या साहाय्याची आहे. नोंद कोणत्या यादीतील, हे कळले नाही तर क्रमांकाला काहीच अर्थ उरत नाही. देशाच्या अधिकारांची वाटणीच याद्यांच्या सीमांवर उभी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचीही तीच गोष्ट. १९९५च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी या कायद्याने एकवीस प्रकारांची दिव्यांगता मान्य केली. त्याची अनुसूची म्हणजे यादीच्या पोटात यादी आणि तिच्याही पोटात यादी आहे. शारीरिक दिव्यांगतेखाली दृष्टिदोष, त्याखाली अंधत्व आणि अल्पदृष्टी. दुसरीकडे रक्तविकारांखाली हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. ज्या व्यक्तींसाठी हा कायदा झाला, त्यांनाच आपला समावेश नेमका कोणत्या शीर्षाखाली झाला आहे हे त्याच्या प्रतीतून समजू नये, यासारखा विरोधाभास नाही.

कायद्याने आता संदिग्धता ठेवलेली नाही. या अधिनियमाच्या कलम ४२ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम स्वरूपात असावा, असे बंधन घातले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या नियमांतील नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र केवळ शिफारशींवर थांबतो, ही त्यातील विसंगती होती. अनिवार्य मानके तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१मधील जीविताच्या हक्काशी जोडला. २०११च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. सुगम पीडीएफसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२पासून उपलब्ध आहे. उणीव आहे ती सवयीची.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. शासनाचा शब्द ऐकला जाण्यासाठी असतो, हे या भूमीला नवे नाही. धौली आणि जौगड येथील स्वतंत्र शिलालेखांत अशोकाने आपला लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा आणि प्रसंगी एकट्या माणसालाही तो ऐकता यावा, अशी आज्ञा कोरून ठेवली आहे. आपल्याकडे सोपाऱ्याला त्याच्या लेखांचे तुकडे सापडले. पुढे गावोगाव दवंडी हेच राजाज्ञेचे प्रकाशन होते. दगडावर कोरणाऱ्या राज्याला एकट्या श्रोत्याची आठवण राहिली. संगणकावर टंकलिखित करणाऱ्या राज्याला ती राहू नये, हे खेदजनक आहे.

उपाय अवघड नाही, मात्र तो योग्य जागी व्हायला हवा. आज बहुतेक कार्यालयांत लिपिक ‘(१)’, ‘(२)’ ही अक्षरे हाताने टंकतो आणि मोकळ्या जागा सोडून ओळी सरळ करतो. डोळ्यांना यादी दिसते. संगणकाला मात्र ती कधी कळतच नाही. मूळ मसुद्यातच यादीची सोय वापरली, उपयादीला खरी पातळी दिली आणि टॅगसह पीडीएफ तयार केले, तर बहुतांश दोष जन्मालाच येत नाहीत. उरलेल्यांसाठी टॅगची रचना उघडून तुटलेले तुकडे एका यादीत आणणे, क्रमाक्षर वेगळे करणे आणि उपयादी मूळ घटकाच्या पोटात सरकवणे, ही कामे प्रशिक्षित कर्मचारी करू शकतो. स्वाक्षरीसाठी छापून पुन्हा स्कॅन करण्याची प्रथा मात्र तत्काळ थांबवली पाहिजे. तिच्यामुळे दस्तऐवजाचे केवळ छायाचित्र उरते. डिजिटल स्वाक्षरी असताना तिची गरज नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मराठी आणि हिंदी मजकुराचेही रूपांतर व्हायला हवे, कारण अचूक टॅग लावूनही त्यातून निरर्थक अक्षरेच ऐकू येतात.

तपासणीचे सॉफ्टवेअर हिरवी खूण देते, यावर समाधान मानणे हीदेखील चूक ठरेल. यादीतील खुणा नियमानुसार एकमेकींत बसल्या आहेत का, एवढे यंत्र पाहते. जिथे यादी हवी तिथे परिच्छेद का आहे, किंवा उपअट मुख्य अट कशी झाली, हे जाणण्यासाठी मजकुराचा अर्थ कळणारा माणूस लागतो. म्हणून स्वाक्षरीपूर्वी एकदा परिपत्रक स्क्रीन रीडरवर ऐकले जावे आणि शक्य तेथे ते दृष्टिहीन सहकाऱ्याने तपासावे. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. जुन्या लाखो पानांचा डोंगर एकदम उपसता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी प्राधान्यक्रम ठरवावा: आधी प्रचलित कायदे, पात्रतेचे निकष, अर्ज आणि भरतीच्या जाहिराती. नव्या दस्तऐवजांना मात्र कोणतीही सवलत नसावी.

मानेसरला यादीचे मोल वेगळे सांगायला नको. २००४मध्ये मानेसर, नौरंगपूर आणि लखनौला या गावांतील नऊशेहून अधिक एकर जमिनीसाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. तेथून सुरू झालेला वाद १२ मार्च २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला. आपला जमीन क्रमांक यादीत आहे की नाही, एवढ्यावर कुटुंबांचे भवितव्य ठरते, हे या गावांनी अनुभवले आहे. अशी यादी आपल्या दृष्टिहीन शेतकऱ्याने दुसऱ्याच्या भरवशावर का वाचून घ्यावी?

त्या दिवशी वर्गात मी परिपत्रकातील अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. त्या अधिकाऱ्यांनी आभार मानले. मला मात्र संकोच वाटला. मसुदे मंजूर करण्यात माझी अनेक वर्षे गेली, पण त्यातील एकही मी कधी ऐकून पाहिला नव्हता. राजपत्र प्रसिद्ध झाले की नागरिकाला कायदा ठाऊक आहे, असे राज्य गृहीत धरते. तसे गृहीत धरायचे असेल, तर तो त्याला स्वतः, कोणाचीही मदत न घेता आणि त्यातील प्रत्येक अट जागच्या जागी असताना ऐकता आला पाहिजे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)