बिनतारी विजेचा हिशेब

आमच्या आत्याबाईंचें वय आतां ८८ वर्षांचें आहे. स्मरण आम्हां सर्वांपेक्षां तल्लख. पण कान मात्र अधू झाले. त्यांच्या श्रवणयंत्रास हरभऱ्याच्या डाळीएवढा एक सेल लागतो. तो आठवड्यांत एकदां बदलावा लागतो, आणि बदलतांना त्यांच्या थरथरत्या बोटांतून तो निसटतो. मग घरांतील सारीं मुलें ओणवीं होऊन तो शोधूं लागतात. आणि तो सांपडेपर्यंत आत्याबाई घरांत असूनही घरापासून तुटलेल्या असतात.

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें कोठेंसें वाचलें कीं, अनेक अँटेना बसविलेली एक पाटी भिंतीवर टांगली म्हणजे खोलींतील सारे मोबाईल तारेवांचून आपोआप भरतात. तो म्हणाला, "आजोबा, मग आत्याआजींचें यंत्रही तसेंच भरेल! आपण ती पाटी घेऊं या." एकाच प्लगाभोंवतीं रोज पांच जणांचे चार्जर भांडत असल्यामुळें सूनबाईंनींही त्यास दुजोरा दिला. आम्ही म्हटलें, "घेण्यापूर्वीं हिशेब करूं." तोच हिशेब या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक घोंटाळा दूर केला पाहिजे. बाजारांत मोबाईल ठेवण्याची जी चकती मिळते, तिची विद्या नवी नव्हे. एका वेटोळ्यांतील प्रवाह बदलला म्हणजे शेजारच्या वेटोळ्यांत स्पर्शावांचून प्रवाह उत्पन्न होतो, हें १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं दाखविलें. चकतींत एक वेटोळें, फोनच्या पाठींत दुसरें. परंतु हें शेजारधर्माचें काम आहे. दोन वेटोळीं दूर केलीं कीं तें ओसरतें. २००७ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत दोन्ही वेटोळीं एकाच कंपनास जुळवून दोन मीटरांवरील ६० वॉटचा दिवा पेटविला खरा. पण निम्म्याहून अधिक वीज वाटेंतच गेली.

याहून दूर जावयाचें तर विद्युत्-लहरींचा आश्रय केला पाहिजे. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडविली. परंतु तेथें लहरीनें केवळ इशारा दिला होता. काम करणारी वीज पलीकडे आधींच तयार होती. निरोप पोंचविणें निराळें आणि शिधा पोंचविणें निराळें. शिधा पोंचविण्याचें स्वप्न निकोला टेस्ला यांनीं पाहिलें. १९०१ सालीं त्यांनीं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक प्रचंड मनोरा बांधावयास घेतला. जे. पी. मॉर्गन या धनिकानें त्यासाठीं दीड लाख डॉलर दिले, पण पुढें हात आखडता घेतला. आणि १९१७ सालीं तो मनोरा पाडला गेला.

या मार्गांतील मुख्य अडचण कोणती? लहर चोहोंकडे पसरते. दिव्यापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं पुस्तकावरील उजेड चौथाई होतो, तोच नियम येथें. यावर उपाय म्हणजे अनेक अँटेना. त्या एकत्र योजिल्या तर लहरी एकाच दिशेस अधिक जोरानें जातात, हें कार्ल फेर्डिनांड ब्राउन यांनीं १९०५ सालीं दाखविलें होतें. देवाचा रथ ओढतांना शंभर हातांनीं आपापल्या मर्जीनें दोर ओढला तर रथ जागचा हालत नाहीं. एका आरोळीसरशीं ओढला तर चालूं लागतो. त्याचप्रमाणें दहा अँटेनांच्या लहरींचे उंचवटे एकाच क्षणीं एका ठिकाणीं पोंचले, तर तेथील तरंग दसपट उंच होतो. आणि शक्ति उंचीच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें ती शंभरपट होते. खर्च दसपट, प्राप्ति शंभरपट! मग उरलेली नव्वदपट कोठून आली? ती निर्माण झाली नाहीं. इतर दिशांस कमी होऊन येथें गोळा झाली, इतकेंच.

पण फोन कोठें आहे हें अँटेनांस कसें कळावें? त्याची युक्ति आम्हांस मोठी मनोहर वाटली. फोन प्रथम स्वतःच एक क्षीण हांक देतो. ती भिंतीवर, कपाटावर आपटत निरनिराळ्या वाटांनीं प्रत्येक अँटेनेपर्यंत थोडी मागेंपुढें पोंचते. अँटेना तें अंतर टिपून घेतात आणि उलट क्रमानें लहरी सोडतात. जिला हांक उशिरां ऐकूं आली ती आधीं निघते. त्यामुळें आल्या वाटेनें परतणाऱ्या साऱ्या लहरी फोनपाशीं एकाच क्षणीं भेटतात.

म्हणजे नेम साधला. परंतु नेम साधला म्हणजे पोट भरलें असें नाहीं. अशा लहरींनीं शरीर तापतें, म्हणून त्यांस मर्यादा घातलेली आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणें सर्वसामान्य माणसाच्या साऱ्या शरीरावर दर चौरस मीटरास सरासरी १० वॉटहून अधिक शक्ति पडूं देऊं नये. आतां मोबाईलची पाठ किती मोठी? सुमारें १५ सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका चौरस मीटराचा शंभरावा हिस्सा. तेव्हां त्याच्या वांट्यास आला वॉटचा दहावा भाग! मोठ्या मोबाईलच्या बॅटरींत सुमारें १९ वॉट-तास वीज मावते. ती या धारेनें भरावयास १९० तास, म्हणजे जवळ जवळ आठ दिवस लागतील. तेंही कांहीं वायां गेलें नाहीं आणि फोन कोणीं वापरला नाहीं तर. शरीराच्या लहान भागापुरती चौपट सवलत आहे. ती धरली तरी दोन दिवस. अँटेना दहाच्या हजार केल्या तरी ही मर्यादा हालत नाहीं, कारण ती यंत्राची नसून आपल्या देहाची आहे.

जेथें मध्यें माणूस नाहीं, तेथें हीच विद्या मोठीं कामें करिते. अमेरिकेंतील विल्यम ब्राउन यांनीं १९६४ सालीं जमिनीवरून पाठविलेल्या लहरींच्या बळावर एक लहान हेलिकॉप्टर हवेंत तरंगत ठेविलें. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांत गोल्डस्टोन येथें २६ मीटर व्यासाच्या थाळींतून दीड किलोमीटर दूर ३० किलोवॉटहून अधिक वीज पोंचविली गेली. २०२३ सालीं तर कॅलटेक या संस्थेनें अंतराळांत धाडलेल्या अनेक अँटेनांच्या लहानशा यंत्रानें आपल्या लहरींचा झोत पृथ्वीकडे वळविला, आणि संस्थेच्या छपरावर त्याची नोंद झाली. घरांत मात्र ही विद्या अल्पाहारी उपकरणांनाच शोभेल: उष्णतामान मोजणारें टिकलीएवढें यंत्र किंवा दुकानांतील फळीवरची किंमतीची पट्टी. ज्यास थेंबभर पुरतें, त्यास धार कशाला?

नातू हिरमुसला. "मग आत्याआजींचें काय? त्यांचें यंत्र तर अल्पाहारीच आहे ना?" प्रश्न बिनतोड होता. श्रवणयंत्रास वॉटचा सुमारें हजारावा भागच पुरतो. परंतु त्यासाठीं त्यांच्या मस्तकावर दिवसभर मर्यादेच्या काठावरील झोत रोखून धरणें आमच्या मनास पटेना. शेवटीं कानाच्या डॉक्टरांनींच मार्ग दाखविला. रात्रीं डबींत ठेविलें कीं सकाळीं भरलेलें मिळतें, असें श्रवणयंत्र त्यांनीं दिलें. त्या डबींत काय असावें? फॅरडे यांचें तेंच जुनें वेटोळें!

पाटीचे पैसे वांचले. आतां आत्याबाई रोज निजण्यापूर्वीं यंत्र स्वतःच्या हातानें डबींत ठेवितात. कोणास हांक मारीत नाहींत. नातवाच्या वहींत मात्र तो हिशेब तसाच आहे. "बिनतारी" या शब्दानें भुलून जाण्यापूर्वीं "किती?" हा एक प्रश्न विचारावा, एवढें तो त्यावरून शिकला, हा लाभ आम्हांस पाटीहून मोठा वाटतो.