चमत्काराची घाई

ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘दि एंड ऑफ द अफेअर’ (१९५१) या कादंबरीविषयी वाचकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, नवऱ्याला फसवणाऱ्या स्त्रीला नायिका करून या कॅथलिक लेखकाने काय साधले? दुसरा म्हणतो, शेवट पाहा. तिच्या मृत्यूनंतर चमत्कार घडतात, म्हणजे परमेश्वराने तिला जवळ केले. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. पहिल्याला जे खटकते, तेच या कादंबरीचे बळ आहे. दुसऱ्याला जे भावते, तिथेच ती लंगडी पडते.

सारा माइल्स आवडावी अशी नाहीच. सरकारी अधिकारी असलेल्या भल्या हेन्रीशी ती खोटे बोलते. १९४४ मध्ये लंडनवर बॉम्ब पडतो, प्रियकर बेंड्रिक्स मेला असे समजून ती नवस करते : हा जगला तर मी त्याला सोडीन. तो जगतो. ती त्याला सोडते, पण कारण सांगत नाही. त्याला संशयाच्या आगीत होरपळू देते. पुढे तो नवस मोडण्याचे निमित्त हवे म्हणून ती स्माइथ नावाच्या नास्तिकाकडे जाते. तिची रोजनिशी म्हणजे देवाशी मांडलेले भांडण आहे. पण श्रद्धेचा उगम नेहमी सोज्ज्वळ मनातच होतो, असे कोणी सांगितले? शुभवर्तमानातील येशूचे पाय आसवांनी भिजवणारी स्त्री शिमोनाच्या पंक्तीला तरी कुठे आवडली होती?

माझी तक्रार आहे ती पुढच्या भागाविषयी. सारा मरते आणि लेखकाला घाई होते. गुप्तहेर पार्किसच्या मुलाचे पोटाचे दुखणे शस्त्रक्रियेवाचून बरे होते. स्माइथच्या गालावरचा डाग नाहीसा होतो. तिची आई सांगते की, सारा दोन वर्षांची असताना तिने गुपचूप तिचा कॅथलिक स्नानसंस्कार करवून घेतला होता. कृपा माणसाच्या आधी धावते, ही आपली शिकवण मला मान्य आहे. परंतु येथे कृपा धावत नाही, ती पुरावा म्हणून हजर केली जाते. लूर्दसारख्या तीर्थस्थानी १८८३ पासून डॉक्टर प्रत्येक दाव्याची कसून तपासणी करतात. ख्रिस्तसभा जेथे वर्षानुवर्षे थांबते, तेथे कादंबरीकाराने काही पानांत निकाल का द्यावा? खुद्द ग्रीन यांनाही तो डाग पुढे खटकला आणि नंतरच्या आवृत्तीत त्यांनी त्या प्रसंगात बदल केला.

तरीही शेवट सर्वस्वी फसला, असे मी म्हणणार नाही. अखेरच्या पानावर बेंड्रिक्स देवाशी बोलतो, आणि ते बोलणे थकलेल्या, द्वेषाने भरलेल्या माणसाचे आहे. ज्याला तो नाकारतो, त्यालाच त्याला उद्देशून बोलावे लागते. एवढे पुरेसे होते. त्याच्यापुढे ते सारे चमत्कार फिके आहेत.

हा वाद केवळ एका इंग्रजी पुस्तकाचा नाही. आपल्या समाजातील कथा आठवा. वाट चुकलेली स्त्री शेवटच्या परिच्छेदात पापनिवेदन करते, पवित्र मातेच्या वेदीपुढे मेणबत्ती लावते, आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. आपल्याला ती स्त्री नको असते. तिच्या सुधारणेचा दाखला तेवढा हवा असतो. साराला चमत्कारांचे प्रशस्तिपत्र मिळाले म्हणूनच आपण तिला आत घेणार असू, तर जिला असे प्रशस्तिपत्र कधीच मिळणार नाही, अशी आपल्याच धर्मग्रामातली एखादी सारा रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर एकटी बसते, तिचे काय? तिच्या शेजारी सरकून बसायला आपल्याला कोणता चमत्कार हवा आहे?