सिंड्रेलाच्या गोष्टीचे वय काय?

चुलीपाशी राखेत बसणारी, सावत्र आईचा आणि सावत्र बहिणींचा छळ मुकाट्याने सोसणारी आणि अखेर राजपुत्राला सापडलेल्या एका पादत्राणामुळे जिचे भाग्य उजळते ती सिंड्रेला सर्वांच्या परिचयाची आहे. १७ एप्रिल २०२४ रोजी नेटफ्लिक्सवर दाखल झालेल्या ‘द ग्रिम व्हेरिएशन्स’ या सहा भागांच्या जपानी ॲनिमेशन मालिकेने मात्र पहिल्याच भागात हे चित्र उलटे केले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जपानमधील एका खानदानी घरात नवी आई आपल्या दोन मुलींसह येते आणि त्या घरातील लाघवी, गोड बोलणारी मुलगी या तिघींना बाहुल्यांप्रमाणे खेळवू लागते. छळ सोसल्याचे सोंग तीच वठवते आणि बळी जातात त्या सावत्र म्हणवल्या जाणाऱ्या बायका. पुढच्या भागांत लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतला लांडगा हा भविष्यकाळातील शहरात बायकांची शिकार करणारा माणूस आहे आणि शिकार कोणाची होणार, हा प्रश्न शेवटपर्यंत टांगता राहतो.

विट स्टुडिओची निर्मिती, मिचिको योकोते यांचे लेखन आणि ‘क्लॅम्प’ या नावाने काम करणाऱ्या चित्रकर्तींनी घडविलेली पात्रांची रूपे अशी ही जमवाजमव आहे. चित्रे देखणी आहेत. सहाही भाग सारख्या ताकदीचे आहेत असे म्हणता येणार नाही. सिंड्रेलाचा भाग त्यात उजवा. ही मालिका मुलांसाठी नाही, हे तिच्या कर्त्यांनीही कुठे लपवलेले नाही. तरीही अशी कलाकृती आली की एक तक्रार ठरलेली असते : लहानपणीच्या निरागस गोष्टींचे हे विकृतीकरण आहे. ही तक्रार ग्रिमबंधूंच्या मूळ पुस्तकाशी ताडून पाहिली तर फारशी टिकत नाही.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाचा पहिला खंड डिसेंबर १८१२ मध्ये प्रसिद्ध झाला, दुसरा १८१५ मध्ये. भाषा आणि लोकपरंपरेचा अभ्यास करणाऱ्या दोघा तरुणांनी टिपांसह छापलेला तो ग्रंथ होता. पाळण्याशेजारी बसून वाचायचे पुस्तक नव्हे. त्यात मुलांनी खाटीकखान्याचा खेळ खेळता खेळता एकाचा जीव घेतल्याची गोष्ट होती, बायकांचे खून करणाऱ्या निळ्या दाढीवाल्याची गोष्ट होती. हे मुलांच्या हाती कसे द्यावे, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून या दोन्ही गोष्टी वगळल्या गेल्या. १८२५ मध्ये पन्नास निवडक गोष्टींची छोटी आवृत्ती खास मुलांसाठी निघाली. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म यांची लेखणी या गोष्टींवरून फिरतच राहिली. ‘मूळ’ म्हणून आपण जे वाचतो ते बहुधा या सातव्या आवृत्तीचे भाषांतर असते.

या फेरबदलांची दिशा पाहण्यासारखी आहे. रापुन्झेलच्या पहिल्या पाठात ती चेटकिणीला भाबडेपणाने विचारते की माझे कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले. राजपुत्राच्या भेटींचा परिणाम वाचकाच्या ध्यानात येतो. हा उल्लेख पुढे पुसला गेला. हिमगौरीच्या जिवावर उठणारी १८१२ मध्ये तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना जंगलात सोडायला लावणारी आई १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. मातृत्वाची प्रतिमा डागाळू नये म्हणून दोष नात्याने परक्या बाईवर ढकलण्यात आला. हिंसा मात्र कमी झाली नाही. काही ठिकाणी ती वाढली. ग्रिम यांची सिंड्रेला म्हणजे आशेनपुटेल. तिच्या बहिणी सोन्याचे पादत्राण पायात बसावे म्हणून एक अंगठा आणि दुसरी टाच कापून घेते, हे पहिल्यापासून आहे. लग्नाच्या दिवशी कबुतरे त्यांचे डोळे टोचून काढतात, ही शिक्षा १८१९ मध्ये जोडली गेली. भोपळ्याची गाडी, काचेचे पादत्राण आणि मदतीला धावणारी परी हे सारे फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या पुस्तकातले. डिस्नेच्या १९५० च्या चित्रपटाने ते उचलले आणि जगाने तेच खरे मानले. ग्रिम यांच्या गोष्टीत परी नाहीच, आईच्या थडग्यावर उगवलेले झाड आहे.

मालिकेच्या कर्त्यांना हा इतिहास चांगला ठाऊक असावा. त्यांनी निवेदनाच्या चौकटीत दोघा भावांसोबत त्यांची धाकटी बहीण शार्लोट आणली आहे. भावांनी सांगितलेल्या सुखान्ताविषयी तिच्या मनात शंका आहेत आणि त्या शंकेतून प्रत्येक भाग उलगडतो. पडद्यावरची ही मुलगी काल्पनिक असली तरी शार्लोट ग्रिम खरोखर होती. १७९३ मध्ये जन्मलेल्या या बहिणीवर १८०८ मध्ये आई गेल्यानंतर, वयाच्या पंधराव्या वर्षी, भावांच्या संसाराची जबाबदारी पडली. कासेलमधील हासेनफ्लुग घराण्यातील मुली, शेजारची डोर्टशेन विल्ड यांनी ग्रिमबंधूंना कितीतरी गोष्टी सांगितल्या. पुढे शार्लोटचा विवाह याच हासेनफ्लुग घराण्यात झाला, तर डोर्टशेन विल्हेल्म यांची पत्नी झाली. दुसऱ्या खंडाला हातभार लावणारी डोरोथेआ फीमान ही शिंप्याची बायको होती. तिचे चित्र तरी १८१९ च्या आवृत्तीत छापले गेले. बाकीच्यांची नावे अभ्यासकांनी नंतर शोधून काढली. सांगणाऱ्या बहुतेक बायका आणि लेखणी पुरुषांच्या हाती, हे वास्तव लक्षात घेतले म्हणजे शार्लोटच्या शंकेला वजन येते.

आपल्याकडेही याचे एक उदाहरण आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिला या गोष्टी ॲना लिबराता डिसूझा या आयाने सांगितल्या होत्या. त्यातील सोदेवाबाईच्या गोष्टीत राजकन्येचे रत्नजडित पादत्राण डोंगरावरून खाली पडते आणि ते राजपुत्राला सापडते. मुखपृष्ठावर नाव मेरी हिचेच. पण ॲनाने सांगितलेली स्वतःची हकीकत पुस्तकाच्या आरंभी स्वतंत्रपणे छापलेली आहे. ग्रिमबंधूंना सुचले नव्हते ते या तरुणीला सुचले.

प्रश्न गोष्ट बदलण्याचा नाही. ती कोणासाठी बदलली हे पाहणाऱ्याला कळते की नाही, हा आहे. दूरचित्रवाणीच्या काळात याचे उत्तर सोपे होते. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८७ ते १९८९ या काळात ग्रिम यांच्या गोष्टींचे ४७ भाग केले. १९९६ मध्ये तात्सुनोको या संस्थेने सिंड्रेलाची एकच गोष्ट २६ भागांत सांगितली. त्यात राजपुत्र वेष पालटून हिंडतो आणि सिंड्रेलाशी त्याची ओळख नृत्याच्या रात्रीपूर्वीच होते. दहा मिनिटांची गोष्ट सहा महिने पुरवायची तर हे करावेच लागते. तरी या मालिकांची वेळ ठरलेली असे, वाहिनी ठरलेली असे आणि प्रेक्षक कोण हेही ठरलेले असे. आज चाळिशीत असलेल्या आपल्याकडील पालकांनी १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली पाहिला, तोही याच निप्पॉन ॲनिमेशनचा. कार्टून म्हणजे मुलांचे, आणि मुलांचे म्हणजे निर्धास्त, हे समीकरण या पिढीच्या मनात तिथे पक्के झाले.

मागणीनुसार चालणाऱ्या सेवांनी हे समीकरण मोडले. इथे रविवारची सकाळ नाही. परीकथेवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, तिचे नाव कोणत्याही देशात समजावून सांगावे लागत नाही आणि त्यामुळे प्रौढ प्रेक्षकांसाठीही ती स्वस्तात मिळणारा कच्चा माल ठरते. अडचण एवढीच की ते नाव सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते.

भारतात चित्रपटगृहातील चित्रपटाला सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ऑनलाइन सेवांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार आपल्या कार्यक्रमांचे वर्गीकरण स्वतःच करावयाचे असते : सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी. १३ वर्षांवरील आणि त्यापुढच्या गटांसाठी पालकांना कुलूप घालण्याची सोय देणे बंधनकारक आहे. प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांना वय पडताळण्याची व्यवस्था हवी. नियम कागदावर पुरेसे आहेत. पण ते कुलूप पालकाने घालायचे असते. एका घरात एकच खाते, आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे सगळी एकाच नावाने पाहणारी, आणि जेवताना मूल शांत बसावे म्हणून हाती दिलेला मोबाइल, ही आपल्या शहरी घरांची रीत आहे. वयाची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात काही क्षण दिसते आणि जाते. ती वाचायला त्या वेळी घरातले मोठे माणूस पडद्यासमोर असते का, याची विचारणा कोणताही नियम करत नाही.